नाक कोणासारखं हवं

तीस वर्षांहून जास्त नोकरी झाली. तपासलेले पुष्कळ गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. एका खटल्यातला आरोपी मला दुसऱ्याच गावाच्या पारावर बसलेला आठवतो. हा एक तपास मात्र वेगळा राहिला. तो आठवतो तोही स्वप्नासारखा, आवाज कमी आणि उजेड जास्त. नावं कुणाचीच लिहीत नाही. ती बाई, तिचा नवरा आणि तिची आई आजही वर्धा जिल्ह्यातच राहतात.

फाल्गुन लागला होता. बोर धरणाकडच्या जंगलात साग उघडा पडला होता आणि मधूनच पळस पेटल्यासारखा दिसत होता. हिंगणीच्या पलीकडची काही गावं माझ्या ठाण्याच्या हद्दीत होती. सकाळची हजेरी आटोपून बसलो होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदाराने शहरातल्या एका रुग्णालयाची एम.एल.सी. पुढे ठेवली. जखम संशयास्पद वाटली की डॉक्टर पोलिसांना जी सूचना पाठवतात, ती ही. बाई, वय सत्तावीस. नाकाचा शेंडा आणि डावी नाकपुडी गेलेली. नातेवाईक सांगतात, कुत्रा चावला. खाली पेनने एक ओळ वाढवलेली होती: "शक्य तर स्वतः या."

स्टेशन डायरीत नोंद केली, एक महिला शिपाई सोबत घेतली आणि निघालो.

ज्यांनी ती ओळ लिहिली होती, त्या नाकाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरबाई. पन्नाशीच्या, ठेंगण्या, आवाज हळू. मी पोचलो तेव्हा त्यांच्यासमोर एक मुलगी आणि तिची आई बसली होती. मुलीचं लग्न ठरायचं होतं आणि आईने मोबाइलवर कुठल्याशा नटीचा फोटो काढून धरला होता. डॉक्टरबाईंनी फोटो पाहिलाच नाही. त्यांनी मुलीच्या हातात आरसा दिला, स्वतः तिच्या मागे उभ्या राहिल्या आणि विचारलं, "या नाकामुळे तुझं काय अडलंय, ते तू सांग. आईने नाही." मुलगी बराच वेळ आरशात बघत राहिली. मग म्हणाली, "माझं काही नाही." डॉक्टरबाईंनी दोघींना सहा महिन्यांनी यायला सांगितलं.

मग मला वॉर्डात नेलं.

ती खिडकीजवळच्या खाटेवर होती. हिरवा पडदा, सावकाश फिरणारा पंखा, तोंडावर पांढरी पट्टी आणि पट्टीच्या वर दोन मोठे डोळे. दाराशी नवरा उभा होता. गावात शिलाईचं दुकान चालवणारा, हडकुळा माणूस.

"काय झालं?" मी विचारलं.

"कुत्र्यानं चावलं साहेब," नवरा म्हणाला.

"तिला विचारतोय."

"कुत्र्यानंच," ती पट्टीआडून म्हणाली.

बाहेर आल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, "कुत्रा सांगतात म्हणून त्याची इंजेक्शनं सुरू केली आहेत. पण दातांनी मांस फाटतं. ही कड सरळ आहे. एकाच घावाची."

सरळ कड, घरात शिंप्याच्या कात्र्या आणि खोटं बोलणारा नवरा. माझ्या दृष्टीने तपास तिथेच संपला होता. बायकोवर संशय घेऊन नाक कापणारे नवरे मी आधीही पाहिले होते.

नवऱ्याला चौकशीसाठी ठाण्यात बोलावलं. पंचांसमोर दुकानातल्या तिन्ही कात्र्या जप्त केल्या. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच प्रश्न उलटसुलट विचारले. कुत्रा कुणाचा? रंग कोणता? कुठून आला, कुठे गेला? तो दर वेळी वेगळा रंग सांगायचा. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस असाच अडकतो, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. हात मी उगारला नाही. पण दुसऱ्या दिवशी घटनास्थळाच्या पंचनाम्याला त्याला गावात नेलं, तेव्हा अर्धं गाव जमलेलं असताना बोललो, "बायकोच्या तोंडावर हत्यार चालवणारा मर्द पाहून घ्या." तो मान खाली घालून उभा राहिला. एक म्हातारी त्याच्या पायाजवळ थुंकली. त्याने पाय मागे घेतला, एवढंच.

कात्र्यांचा प्रयोगशाळेतला अहवाल यायचा होता. तिचा जबाब नव्हता. नुसत्या संशयावर त्याला किती दिवस बोलावणार? त्याला सोडलं, आणि तो सरळ रुग्णालयात जाऊन खाटेजवळ बसला.

पहिली शस्त्रक्रिया जखम साफ करण्याची होती. त्या दिवशी मी मुद्दाम गेलो. भूल उतरताना माणसं बोलतात, हे ऐकून होतो. दुपारची वेळ होती. आतून तिचं काहीतरी पुटपुटणं ऐकू आलं, शब्द कळले नाहीत. मी पुढे झालो तर डॉक्टरबाईंनी दार लोटून घेतलं. थोड्या वेळाने त्या बाहेर आल्या.

"ती काय म्हणाली?"

"म्हणाली काहीतरी."

"डॉक्टर, हा गुन्ह्याचा तपास आहे."

"म्हणूनच सांगत नाही. झोपेतलं बोलणं तिचा जबाब नाही. उद्या ती नाही म्हणाली तर तुम्ही काय करणार? जागेपणी सांगेल तेव्हा ऐका."

मला राग आला. ठाण्यात येऊन त्यांच्या नावाने एक खरमरीत पत्रही लिहिलं. कायद्याने त्यांचंच बरोबर आहे हे मला ठाऊक होतं. पत्र फाडून टाकलं.

मग वाट पाहण्याचे दिवस आले. दर दोन-तीन दिवसांनी दुपारी मी वॉर्डात जाऊन बसायचो. कारण सांगायला तपास होता, पण खरं म्हणजे तिथे बसलं की मन सैल व्हायचं. पडद्यातून गाळून आलेल्या हिरव्या उजेडात सगळे जरा पाण्याखाली असल्यासारखे दिसायचे. डॉक्टरबाई यायच्या, पट्टी काढायच्या आणि टाक्यांच्या दोऱ्याच्या पाकिटाचा चंदेरी कागद तिच्या चेहऱ्यावर ठेवून कापायच्या, पुन्हा ठेवायच्या, पुन्हा कापायच्या. हरवलेल्या भागाचा तो नमुना. तेवढी कातडी त्या तिच्याच कपाळावरून घेणार होत्या. कातडीचं एक टोक काही आठवडे भुवईजवळ जोडलेलं ठेवायचं, नव्या जागी रक्त फिरू लागलं की मग तोडायचं. आत आधार म्हणून कानातली कूर्चा, म्हणजे मऊ हाड. ही विद्या आपल्याकडे फार जुनी आहे, त्या म्हणाल्या. नाकं कापणारे जुने, म्हणून जोडणारेही जुने.

"घाई का करत नाही तुम्ही?" मी एकदा विचारलं.

"कातडी मला कळते. पण हे नाक घेऊन जगायचं तिला आहे. तिच्याशी बोलणं झाल्याशिवाय मी चाकू धरत नाही."

त्यांनी नवऱ्याला जुना फोटो आणायला सांगितला होता. लग्न रजिस्टर झालेलं, फोटो एकच आणि तोही अस्पष्ट. तिने जातीबाहेर लग्न केलं होतं आणि माहेर चार वर्षांपासून तुटलं होतं, हे मला तेव्हा कळलं. शेवटी फोटो घेऊन आली ती तिची आई. जाड काचांचा चष्मा लावलेली, शेतात राबून काळवंडलेली बाई. तिने पिशवीतून कागदात गुंडाळलेला फोटो काढला. गिरडच्या टेकडीवर, दर्ग्याच्या पायऱ्यांवर काढलेला. चौदा-पंधरा वर्षांची ती आणि शेजारी तिचा मोठा भाऊ. दोघांचं नाक एका साच्यातून काढल्यासारखं, मध्ये किंचित उंच, शेंडा खाली झुकलेला.

डॉक्टरबाईंनी फोटो लेकीसमोर धरला. "असंच करायचा प्रयत्न करते. साधारण जमेल."

तिने फोटो पाहिला आणि पालथा केला.

"हे नाक नको मले."

"काऊन गं?" डॉक्टरबाईंनी विचारलं. त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच मी तो गावचा शब्द ऐकला.

"दुसरं कोन्तंबी करा. हे नको. आरशात पायलं का तोच दिसन मले."

आईने भिंतीचा आधार घेतला आणि खाली बसली. नवरा उठून सासूजवळ गेला.

"बाई, सांगून टाक," आई म्हणाली. "मी पायलं हाय सारं. मले आता घास गिळत नाई."

डॉक्टरबाई माझ्याकडे वळल्या. "ती पूर्ण शुद्धीवर आहे. हवं तर तसं लिहून देते."

महिला शिपायाने जबाब लिहून घेतला. तिला दिवस गेल्याची बातमी कळल्यावर आई चोरून लेकीला भेटायला येऊ लागली होती. त्या दिवशी भाऊ मागोमाग आला. त्याची सोयरीक मोडली होती, आणि मुलीकडच्यांनी बहिणीचं कारण दिलं होतं. दारातच तो म्हणाला, "तुह्यापायी माहं नाक कापलं गेलं," आणि त्याच्या हातात इळा, गवत कापायचा विळा, होता. आई आडवी आली, तिला ढकलून त्याने घाव घातला. नवरा दुकानात होता. तो धावत आला तेव्हा ती रक्ताळलेल्या तोंडाने त्याला एकच सांगत होती, "दादाचं नाव घेऊ नको. माय एकटी पडन." त्याने तिला शब्द दिला, आणि ठाण्यात बसून, गावासमोर उभं राहून तो पाळला.

हा मजकूर ऐकताना मी नवऱ्याकडे पाहू शकलो नाही.

न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे दोघींचे जबाब झाले. भाऊ शेतावर सापडला, पळाला नव्हता. पंचांसमोर निवेदन देऊन त्याने गोठ्याच्या वळचणीतून इळा काढून दिला. ठाण्यात मी त्याला फार काही विचारलं नाही. तोच म्हणाला, "वाटलं होतं साहेब, एकदा केलं का जीव थंडा होईन. नाई झाला." त्याचंही नाक तेच होतं. मला ते बघवेना.

मोठी शस्त्रक्रिया त्यानंतर झाली. आदल्या दिवशी डॉक्टरबाईंनी तिला पुन्हा विचारलं. तिने उशीखालून तोच फोटो काढला.

"माह्या बापाचं नाक असंच होतं म्हन्ते माय. मी लहान होती तवा तो गेला, मले आठोतबी नाई." मग हळूच म्हणाली, "एकट्या दादाचं कसं होईन ते? हेच द्या."

बाळ सुखरूप जन्मलं, मुलगी. भावाला शिक्षा झाली. कोर्टात बचावाच्या वकिलांनी म्हटलं की बाईचं नाक तर चांगलं दिसतंय. तेव्हा डॉक्टरबाईंनी प्रत्येक टप्प्याचे फोटो पुढे ठेवले आणि शांतपणे सांगितलं की हे चांगलं दिसायला तिला वर्षभर लागलं. आई त्या दिवशी साक्ष देऊन बाहेर आली आणि लेकीच्या नव्हे, जावयाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

निवृत्त झाल्यावर मी तिच्या नवऱ्याच्या गावी गेलो. दुकानात चारपाच माणसं बसली होती. तीच बरी वेळ, असं मनाशी म्हणालो. जे सगळ्यांसमोर बोललो होतो, त्याची माफी सगळ्यांसमोरच मागायची होती. मागितली. त्याने मशीनचं चाक थांबवलं.

"तुमच्या जागी मी असतो तं मीबी तेच समजलो असतो, साहेब," तो म्हणाला. "पन लय लागलं होतं."

"माहीत आहे."

"आता बरं वाटलं," तो म्हणाला, आणि आत हाक मारली, "चहा टाक वं, साहेब आले."

गप्प बसणारा माणूस काहीतरी लपवतो, हे मला प्रशिक्षणात शिकवलं होतं, आणि ते खरंच आहे. पण तो दर वेळी स्वतःचा गुन्हा लपवत नसतो. कधी तो दुसऱ्याला दिलेला शब्द राखत असतो, आणि ते ओळखायला वेळ द्यावा लागतो. मी पहिल्याच दिवशी निष्कर्ष काढला. डॉक्टरबाईंना खरं नाव पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, तरी त्या थांबल्या, कारण सांगायचं की नाही हे ठरवणं त्या बाईच्या हाती राहावं असं त्यांना वाटत होतं. माझ्या नोकरीत मी पुष्कळ कबुल्या मिळवल्या. इतका धीर धरून एकही मिळवली नव्हती.

ती चहा घेऊन आली. जवळून पाहिलं तर कपाळावर एक बारीक उभी रेघ होती, बाकी काही नाही. तिने कप माझ्या हातात दिला आणि विचारलं, "साखर बरी हाय नं?"