जुन्या मशीनला चाळीसची डिस्क

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, धरमपेठेतल्या दुकानात माझ्यासमोर टेबल टाकून बसणाऱ्या भागीदारालाही नाही. दोन-चारदा ओठांवर आलं होतं — पण दरवेळी मी चहा मागवला, विषय बदलला, हसून वेळ मारून नेली. आज तसं करणार नाही. मध्येच थांबलो तर पुन्हा कधी सांगणं व्हायचं नाही, म्हणून शेवटपर्यंत सांगतो.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. नागपुरात तेव्हा कॉम्प्युटर दुरुस्त करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते आणि त्यांतला एक मी. लोक इंजिनियरसाहेब म्हणायचे. होतो मी रेडिओ-टीव्हीचा डिप्लोमा केलेला माणूस. मुंबईला जाऊन थोडे दिवस शिकून आलेला. पण कोणी काही विचारलं की "पाहावं लागेल" हे शब्द माझ्या तोंडून निघतच नसत. "होऊन जाते ना!" — एवढंच यायचं. लोकांनाही तेच ऐकायला आवडायचं, आणि मला लोकांना आवडायला आवडायचं.

रामदासपेठेत एक डॉक्टर होते. नाव सांगत नाही, ते आता हयात नाहीत. रक्ताचा तो आजार, सिकलसेल, आपल्याकडे पुष्कळ घरांत आढळतो. डॉक्टर दर रविवारी भिवापूरकडच्या खेड्यांत जाऊन पोरांचं रक्त तपासायचे आणि कोणत्या घरात कोणाला आजार आहे, कोण निव्वळ वाहक आहे, याच्या नोंदी घरच्या कॉम्प्युटरवर ठेवायचे. नोंदी भरायला कुंदा होती. इंदोऱ्याहून सायकलीने येणारी, बी.कॉम. झालेली मुलगी. तिच्या धाकट्या भावाला हाच आजार होता, त्यामुळे ती नुसती नोकरी करत नव्हती. आणि तिच्या घरात खुर्चीवर बसून पगार मिळवणारी ती पहिलीच, हे तिनेच मला एकदा हसत हसत सांगितलं होतं.

डॉक्टरांचं मशीन जुनं होतं, दुसऱ्याकडून घेतलेलं. आतली हार्ड डिस्क वीस मेगाबाइटची, आणि ती भरत आली होती. आज हा आकडा ऐकून हसू येईल, पण तेव्हा वीस म्हणजे कोठार वाटायचं. त्यांच्या भाच्याने परदेशातून चाळीसची डिस्क आणून दिली. डॉक्टरांनी मला बोलावून एकच प्रश्न विचारला — या जुन्या मशीनला ही चालते का?

प्रश्न किती साधा होता! आणि उत्तर शोधायची पद्धत मला चांगली माहीत होती. प्रत्येक मशीनच्या पोटात एक ठरलेला तक्ता असायचा. कोणकोणत्या डिस्क ते ओळखू शकतं, ते त्यात लिहिलेलं. तो पाहायचा. त्यात आपली डिस्क नसली तर मशीन विकणाऱ्या कंपनीला मुंबईला विचारायचं. आणि एवढं करूनही शंका उरली, तर डिस्क बसवल्यावर ती फालतू फाइलींनी काठोकाठ भरायची आणि मग सगळ्यात पहिली फाइल उघडून पाहायची. कारण जुन्या मशीनची मोजायची ताकद बत्तीस मेगाबाइटपर्यंतच असायची. त्यापुढे लिहायला गेलं की काही मशीनं चूपचाप पुन्हा सुरुवातीला येऊन लिहायला लागायची, पाटी भरल्यावर पोराने वरच्या ओळीवरच पुन्हा गिरवावं तशी. वर तक्रार नाही, सूचना नाही. भरून पाहिल्याशिवाय कळायचंच नाही.

भरायला अख्खा दिवस लागायचा. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा होता, मला लेकाच्या लाकडी बैलाला रंग द्यायचा होता. पण नाही — बैलाच्या माथी कशाला मारू? मी तक्ता पाहिला होता. त्यात ती डिस्क नव्हती. डॉक्टर दारात उभे होते, सोबत दोन पाहुणे डॉक्टर होते, आणि मी म्हणालो, "होऊन जाते ना, साहेब." एका ओळखीच्याकडची फ्लॉपी चालवून मी मशीनला चाळीसचा आकडा दाखवायला लावलं. पडद्यावर चाळीस उमटले. जुन्या डिस्कवरच्या नोंदी नवीवर उतरवल्या आणि जुनी पुसून दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या मशीनला बसवली. पाहुण्यांनी मान डोलावली. झालं माझं काम!

कुंदाने मात्र एक गोष्ट विचारली होती. ती दर शनिवारी सगळ्या नोंदींची फ्लॉपीवर नक्कल काढून ठेवायची. "भाऊ, आता एवढी मोठी डिस्क हाय, तं नक्कल काढू का नको?" मी म्हणालो, "काहून काढता? नवी कोरी डिस्क आहे. जुन्या फ्लॉप्या दुसऱ्या कामाला घ्या." तिने घेतल्या. इंजिनियर सांगतो म्हटल्यावर कोण घेणार नाही?

पुढच्या उन्हाळ्यात डॉक्टरांचा निरोप आला, मशीन चालत नाही. मी गेलो, फ्लॉपीवरून मशीन सुरू केलं, आणि — काय सांगू — पाच मिनिटांत मला सगळं कळलं. नोंदी बत्तीसच्या पुढे गेल्या होत्या. पुढचं सगळं येऊन सुरुवातीवर बसलं होतं. पहिल्या गावांच्या नावांच्या जागी शेवटच्या गावांची अर्धीमुर्धी नावं दिसत होती. मागचा बराच भाग मात्र शाबूत होता. चिकाटीने बसलो असतो तर पुष्कळ काही काढता आलं असतं.

डॉक्टर मागे उभे होते. कुंदा बाजूला होती, ओढणीचं टोक मुठीत धरून. डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं?"

मला खूप वेळ मिळाला होता असं नाही. पण पुरेसा मिळाला होता. तेवढ्या वेळात मी खरं बोलू शकलो असतो. विजेवर ढकलू शकलो असतो, त्या दिवसांत रोज वीज जायची. डिस्कच खराब निघाली म्हणालो असतो तरी खपलं असतं. मी यातलं काहीच म्हणालो नाही. मी म्हणालो, "कोणीतरी चुकीची कमांड दिलेली दिसते. डिस्क पुसली गेली."

कोणीतरी! त्या मशीनवर बसणारं माणूस एकच होतं.

डॉक्टरांनी तिला विचारलं, फ्लॉपीवरच्या नकला कुठे आहेत? तिने माझ्याकडे पाहिलं. भाऊ सांगतील, असं तिला वाटलं असावं. मी पडद्याकडे पाहत राहिलो. मग डॉक्टरांच्या पत्नी आतून आल्या आणि म्हणाल्या, "मी तर आधीच म्हणत होते." त्या काय म्हणत होत्या, हे त्या खोलीत कोणालाही विचारावं लागलं नाही. त्या घरात कुंदाचा चहाचा कप वेगळा असायचा, खिडकीत पालथा ठेवलेला. डॉक्टरांच्या ते ध्यानातही नसेल. माझ्या होतं.

आता खरं सांगायचं ते हेच आहे. वीज किंवा डिस्क, असली बिनमाणसाची कारणं सोडून माझ्या जिभेवर तिच्याकडे बोट दाखवणारं वाक्य का आलं? घाबरलो होतो, हे खरं. पण घाबरलेला माणूसही कुठे पळायचं ते पाहूनच पळतो. कोणाबद्दल बोललं तर या घरात प्रश्न विचारला जाणार नाही, हे मला आतून पक्कं ठाऊक होतं. कोणी मला शिकवलं नव्हतं. मी स्वतःला सुधारलेला समजत होतो, सभांना जात होतो, टाळ्या वाजवत होतो. आणि वेळ आली तेव्हा तो पालथा कप मी वापरून घेतला.

मग उरलेला भागही मी त्याच दुपारी पुसून टाकला. "साफ करून नव्याने सुरू करू," म्हणालो. पुसली गेली असं सांगितलं होतं ना, मग ती पुसलेली दिसायला हवी होती. त्या नोंदी पुन्हा जमवायला डॉक्टर त्याच गावांत पुन्हा गेले, आणि पोरांच्या बोटांना पुन्हा सुया टोचाव्या लागल्या. कुंदाला त्यांनी महिना संपल्यावर येऊ नको म्हणून सांगितलं.

ती माझ्या दुकानात आली. मला वाटलं भांडायला आली — आणि तुम्हाला सांगतो, ती भांडली असती तर बरं झालं असतं. पण ती मशीनकडे बोट दाखवून म्हणाली, "भाऊ, मले समजूनच नाही राहिलं. माया हातून नेमकं काय चुकलं, ते दाखवून द्या ना. दुसरीकडे काम भेटलं तं तसं पुन्हा नाही करणार."

मी काय केलं असेल? मी खुर्ची ओढून तिला बसवलं. कोणती कमांड दिली की डिस्क पुसली जाते, ते मी तिला नीट, सावकाश शिकवलं. एक अक्षर चुकलं की असं होतं, म्हणालो. तिने ते लक्ष देऊन ऐकलं, खूप वेळ आठवून पाहिलं. तिने तसं काही दाबलंच नव्हतं, मग तिला आठवणार तरी काय? पण माझ्या तोंडाकडे पाहत पाहत तिला हळूहळू ते आठवायला लागलं. "हो भाऊ," ती म्हणाली, "झालंच असन माया हातून." आणि माझे आभार मानून गेली.

काही वर्षांनी ती मला सीताबर्डीवर एका साड्यांच्या दुकानात दिसली, घड्या घालताना. त्या दुकानात नवीन कॉम्प्युटर आला होता. मालक म्हणाला, ही शिकलेली आहे पण याला हात लावत नाही. कुंदा हसून म्हणाली, "नाही जी, मले नाही जमत ते. माया हातून एकदा लोकायचं लय नुकसान झालं हाय." मी समोरच उभा होतो. मी बायकोसाठी साडी घेतली आणि घरी आलो.

कुंदाच्या हातून काहीही झालेलं नव्हतं. त्या मशीनला ती डिस्क चालत नव्हती, आणि हे मला बसवतानाच माहीत होतं.