विसर्जनाचा टँकर

दुष्काळी साल होतं. औरंगपुऱ्यातल्या कोरड्या विहिरीत विसर्जनासाठी पाणी घेऊन निघालेला टँकर विसर्जनाच्याच मिरवणुकीत अडकला आणि त्याच्यामागं स्कूटरवर मी. पिकल्या मिशांचा ड्रायव्हर दर हॉर्ननंतर कान पकडून पुढच्या देवाची माफी मागायचा. तरी कुणी हटेना. शेवटी वाट मिळावी म्हणून त्यानं केबिनमधला छोटा गणपती बॉनेटवर आणून बसवला. झालं! पोरं टँकरपुढंच नाचायला लागली.

स्वयंसेवक ओरडला, “काका, मानाचे गणपती पुढं हायेत. तुमचा नंबर शेवटी!”

“अरे, पण पाणी माझ्याकडं हाय!”

“असू द्या. मान म्हंजे मान.”

त्यानं इंजिन बंद केलं आणि बॉनेटवरच्या गणपतीला हात जोडले.

“देवा, पुढल्या वर्षी लवकर या. पण पाणी संगं घिऊन या. माझ्या भरवशावर नका येऊ.”