जंगलाचा पुत्र, मुक्काम मैंदर्गी

माइक हातात आला की मला आवरत नाही. मी इंटिरियर डिझायनर. पण सोलापुरातल्या त्या नव्या हॉटेलच्या उद्घाटनाला मालकांनी सूत्रसंचालनही माझ्याच गळ्यात घातलं. सत्कार होता भीमाशा पेंटरचा.

हॉटेलची थीम ‘कलोनियल’. म्हणजे इंग्रजाच्या काळातला थाट: वेताच्या खुर्च्या, पितळी दिवे आणि भिंतीवर जंगल. गोऱ्या साहेबाला जंगल आवडायचं ते दाट, गूढ आणि खुर्चीत बसून बघण्याजोगं. साहेब गेला; त्याच्यासारखं बसून सूप प्यायची हौस आपल्याकडे राहिली.

भीमाशा मैंदर्गीचा. दुकानांच्या पाट्या रंगवता रंगवता आपला आपणच चित्रं शिकला. डायनिंग हॉलची अख्खी भिंत त्याने वेली, मोर, वाघांनी भरली, सगळं मनातलं. आयुष्यात पहिल्यांदाच चित्राखाली स्वतःचं नाव लिहिलं. ते दाखवायला वडिलांना मुद्दाम घेऊन आला होता.

मी सुटलो. “मंडळी, हा जंगलाचा पुत्र! वाघाच्या डरकाळ्या ऐकत पाळण्यात झोपलेला!”

टाळ्या. मालक खूश. भीमाशा माझ्याकडे बघतच राहिला. मला वाटलं, भारावला.

आपल्याकडे सत्काराला घरच्यांनाही वर बोलावतात. वडिलांना शाल घातली आणि मी माइक पुढे केला. “अप्पा, दोन शब्द!”

“ह्यो कवा गेलता जंगलात?” म्हातारा म्हणाला. “आमच्याकडं बाभळीबिगर झाड न्हाय. मेंढरं राखाय धाडलं तर बांधावर बसून वाघ काढायचा. का रं, असलं खोटं तू सांगितलंस व्हय लोकांस्नी?”

हॉल खदखदून हसला. भीमाशाने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग खाली बघून म्हणाला, “चुकलं, अप्पा.”

‘हे मी सांगितलं’, एवढं मी माइकवर म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी म्हणालो, “आता सर्वांनी जेवून जायचंय बरं का!”

दुसऱ्या दिवशी भीमाशा हिरव्या रंगाचा डबा घेऊन आला.

“अरे, अप्पांना मी फोन करून सांगतो ना सगळं,” मी म्हणालो.

“नगं, साहेब. चारचौघांत झालं, ते फोनवर कसं निघंल?”

चित्राखालच्या स्वतःच्या नावावर त्याने एक पान काढलं. नीट, शिरांसकट.

“नाव कशाला घालवलं?” मालकांनी नंतर विचारलं. तेव्हाही मी म्हणालो, “आर्टिस्ट लोक, मूडी असतात.”

भिंत गाजतेय. लोक तिच्यापुढे फोटो काढतात, मलाही दोन कामं मिळाली. थीम खुर्च्यांना द्यावी, माणसाला देऊ नये. आणि दिलीच, तर निदान त्याच्या बापासमोर कबूल तरी करावं.