काकांची दुसरी मांडी

वणीच्या बसस्टँडपाशी चहावाला कोळशाची शेगडी पेटवतो आणि तो कडवट, पिवळा धूर नाकात गेला, की मी थेट राजूरच्या आमच्या क्वार्टरच्या ओळीत जाऊन पोचते.

तिथं खाणीचा ट्रक ओळीसमोर कोळशाचा एकच ढीग ओतून जायचा. ज्याला लागेल तसा त्यानं घमेल्यानं न्यायचा. कोण किती नेतं, कुणी बघत नसे. एका संध्याकाळी माझ्या शेजारच्या मैत्रिणीचे, विमलचे बाबा ढिगाशेजारी बाजेवर बसले होते. ते खाणीतले युनियनवाले, आम्हा पोरींचे काका. मांडीवर विमल. तिच्या केसांना तेल लावत ते म्हणाले, "एक दिवस सगळं या ढिगासारखं होईन, पोरीहो. शाळा, दवाखाना, भाकर. ज्याले जेवढं लागन तेवढं त्यानं न्यावं. माह्यं-तुह्यं राहनारच नाही."

माझे बाबा ड्युटीवरून आले की भिंतीकडे तोंड करून झोपायचे. विमलच्या डोक्यावरून फिरणारा तो हात बघून माझा जीव नुसता जळत होता. मी विचारलं, "मंग काका, बाप बी सगळ्यायचा?"

ते खदखदून हसले. "हो ना वं!" म्हणत त्यांनी मला दुसऱ्या मांडीवर ओढलं. विमलनं कुरकुर न करता सरकून जागा दिली.

काकांचं ते राज्य आलंच नाही, म्हणून विमल अजून हळहळते. माझ्यापुरतं मात्र ते त्या संध्याकाळी आलं होतं, आणि मांडीवर टेकल्याबरोबर माझ्या मनात एकच होतं: ही विमल आता उतरते कधी?