जर्मनी कुणाच्या पोटात?

दुसऱ्या बायकांना सापाची भीती वाटते, देवीच्या साथीची वाटते. माझी झोप उडवली ती एका बिस्किटाच्या डब्यानं. आमची लेक सुलू रांगायला आणि दिसेल ते तोंडात घालायला लागली तेव्हापासून! डब्यात बिस्किटं नव्हती, जर्मन नाणी होती. आमच्या ह्यांना त्यांचा नाद.

हे शाळामास्तर. दर रविवारी दुपारी ह्यांचे दोन दोस्त येतात. एक गणपतराव, पलटणीतून परत आलेले, शिवाजी पेठेतल्या तालमीतले. दुसरे बापू, घड्याळं दुरुस्त करणारे. तिघं नाणी बघतात आणि मी सुलूचं तोंड बघते. अशानं नाणी थोडी आणि किस्सेच फार जमतात. नाण्यांना निदान डबा तरी आहे, किश्श्यांचा डबा म्हणजे मी!

*

तो डबा आला कसा, तर कॉटच्या बदली!

लढाईत आसऱ्याला आलेल्या पोलिश लोकांची वळिवड्याची छावणी उठत होती. सामान स्वस्तात विकायला निघालं होतं. मला आठवा महिना. बाळासाठी लहान कॉट आणतो म्हणून हे सायकलवरून गेले आणि संध्याकाळी डबा घेऊन आले.

"कॉट कुठंय?"

"अगं, कॉट काय कुठंही मिळते! हे बघ. पहिल्या लढाईत तिकडचं तांबं-निकेल सगळं तोफगोळ्यांना गेलं. सुट्ट्या पैशाची टंचाई. मग गावागावानं आपापली नाणी पाडली, जस्ताची, लोखंडाची. एका गावचं दुसऱ्या गावात चालायचं नाही!"

सासूबाईंनी एक नाणं हातात घेऊन वजन बघितलं. "हितं चालतंय?"

"नाही."

"तिकडं?"

"आता तिकडंही नाही."

"मग झ्याक हाय. चोर तरी न्हेणार न्हाय!"

सुलू पहिले सहा महिने पाटीत झोपली.

*

गणपतरावांनी एकदा जस्ताचं एक जोडनाणं तालमीत दाखवायला नेलं. आमच्याकडं त्याच गावची दोन होती म्हणून ह्यांनी दिलं, तरी दहा वेळा बजावून.

तिथल्या एका पैलवानानं विचारलं, "जर्मनीचं हाय व्हय? बघू." आणि दोन बोटांत धरून पापडासारखं वाकवलं!

गणपतराव खाली मान घालून ते वाकडं नाणं परत घेऊन आले. हे ते बोटांनी सरळ करायला बसले. शेवटी गणपतरावच म्हणाले, "मास्तर, पैलवान काय म्हनला सांगू? म्हनला, आत्ता कळलं लढाई का हरलं ते!"

*

माझाही एक प्रताप आहे. दिवाळीच्या आधी देवाची भांडी घासायला काढली होती. म्हटलं, ह्यांची नाणीही किती काळवंडलीत! चिंच आणि राख लावून चांगली आठ-दहा घासली. मॅट्रिकला शास्त्रात मला बरे मार्क होते, पण चिंच लोखंडाचं काय करते ते कुणी विचारलं नव्हतं.

रविवारी ह्यांनी डबा उघडला आणि सुतक आल्यासारखे बसले. एका नाण्यावरचं गावाचं पुसट नाव आता साफ गेलं होतं. मी दाराआड उभी, पदराचं टोक चावत.

बापूंनी डोळ्याला भिंग लावून ते नाणं बराच वेळ उलटंसुलटं केलं. मग म्हणाले, "वहिनी, हे नाणं कुठल्या गावचं म्हणून मास्तर आणि मी तीन रविवार भांडतोय. मिटवलंत तुम्ही!"

*

हेच बापू आमच्याकडं नेहमी उंबऱ्यापाशी बसतात. कारण चुंबक. चुंबकाला चिकटलं तर लोखंड, नाही चिकटलं तर जस्त, ही ह्या तिघांच्या मंडळाची पहिली परीक्षा. पण चुंबक जवळ आला की घड्याळ बिघडतं.

एका रविवारी वादाच्या भरात बापू सरकत सरकत चुंबकापाशी पोचले. मनगटावरचं घड्याळ साडेचारला थांबलं. गडी खुशाल! दिवे लागले तरी म्हणतोय, "वेळ आहे अजून."

शेवटी त्यांची बायको शोधत आली. "अख्खी पेठ तुमास्नी टाइम विचारती, आनि तुमी कुनाला विचारताय?"

*

आणि मग ज्याची मला भीती होती तो रविवार आला. सुलू तीन वर्षांची. ठमी नावाची तिची चिंधीची बाहुली घेऊन ती चटईवर खेळत होती. ठमी मीच शिवलेली, त्यामुळं जरा उसवलेलीच. डबा बंद करताना हे ओरडले, "आठ कोनांचं कुठं गेलं?"

सगळे सुलूकडं बघायला लागले.

"सुलू, नाणं खाल्लंस?"

"मी न्हाई."

पण तोंडात लाडू असतानाही ती "मी न्हाई"च म्हणते! सासूबाईंनी एरंडेल पाजलं. सुलूनं भोकाड पसरून आळी हलवली. मी वर दोन केळी कोंबली. ह्यांनी विचारलं, "बापू, ते लोखंडाचं होतं ना?"

"अहो, पोर आहे ती!" मी किंचाळले.

"म्हणूनच म्हणतो. चुंबक आणा!"

तिघांनी सुलूला आडवं केलं आणि चुंबक पोटावर धरला. टक्!

चिकटला. मी देवाचं नाव घेतलं. गणपतरावांनी पलटणीत काय काय बघितलंय, पण त्यांचाही चेहरा पांढरा पडला. बापू भिंग लावून वाकले.

"वहिनी, ही सेफ्टी पिन आहे."

झग्याचं बटण तुटलं म्हणून सकाळी मीच लावलेली!

डॉक्टरांनी पोट दाबलं, एरंडेलावरून आम्हाला झापलं आणि म्हणाले, "गेलं असेल तर येईल. तीन दिवस लक्ष ठेवा." मी तीन दिवस काय काय तपासलं ते इथं लिहीत नाही. गणपतराव रोज सकाळी रस्त्यावरूनच हाळी द्यायचे, "वैनी, आली का जर्मनी?" सगळ्या गल्लीनं ऐकावं असं!

चौथ्या दिवशी मी पोळ्या लाटत होते. बाहेर सुलूनं ठमीला चटईवर निजवलं होतं. टेबलावरचा चुंबक घेऊन ती डॉक्टर डॉक्टर खेळत होती. "आ कर," म्हणाली आणि चुंबक ठमीच्या पोटावर ठेवला.

टक्!

माझं लाटणं हातातच राहिलं. ठमीला पिन नव्हती. मी धावत जाऊन तिच्या पोटाची शिवण फाडली. आत कापसात आठ कोनांचं नाणं!

मला हसू आणि रडू एकदमच आलं. सुलूला इतकं आवळलं की ती "सोड, सोड" करायला लागली. सोडली तशी तुरुतुरु स्वयंपाकघरात गेली आणि दोन्ही हातांत एरंडेलाची बाटली घेऊन आली.

"आई, आता हिलाबी पाज की!"