क्वार्टरबॅकची माफी

कडक कोपीचा, म्हणजे सिंगापुरी कॉफीचा, वास आला की तिथल्या आंग मो किओ भागातलं ते ऑफिस आठवतं. अमेरिकन फुटबॉलमध्ये संघ नवे खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टआधी आम्ही एका क्लबसाठी कॉलेज संघांत पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचे मूक व्हिडिओ पाहून शेरे लिहायचो. एकाचा पास प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेला. पास झेलणारा सोबती चुकीच्या दिशेने धावला होता, तरी यानेच छातीवर हात ठेवून चूक पत्करली. "घाबरट आहे, लाह! काढून टाक," शेजारची चिनी सहकारी म्हणाली. मी भारावून त्याच्या दिलदारपणावर पानभर लिहिलं. ती हसली, "जावई शोधतोयस का?" त्याला कोणत्याच संघाने घेतलं नाही. त्याची फेक किती अचूक होती, हे लिहायचं माझ्याकडून राहून गेलं, हे मला आज कळतं.