चार माणसांनी ठरवलेली मापं

दादा मंगळवारी गेला. बुधवारी व्हिएतनामच्या कारखान्याचा मेल आला.

मेल दादाच्या फोनवर आला आणि फोन माझ्या खिशात होता. फोन सांभाळण्याइतका शांत माणूस घरात मीच आहे, असं सगळ्यांना वाटत होतं. कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य काढलेल्या माणसाबद्दल असे गैरसमज होतातच. मी मेल उघडला. दादानं फुटबॉलच्या जर्सी शिवायला दिल्या होत्या. मापांची यादी आणि गळ्याचा प्रकार दहा दिवसांत कळवला नाही, तर शिलाईची पाळी दुसऱ्या गिऱ्हाइकाला जाणार होती. ऑर्डर देणारे माझे थोरले बंधू काल निवर्तले, असं मी इंग्रजीत लिहून पाठवलं. तिकडं आमची ऑर्डर सांभाळणाऱ्या बाईंचं उत्तर तासाभरात आलं. 'आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. गळा गोल की व्ही?'

मला ते उत्तर आवडलं. त्या तेरा दिवसांत भेटायला आलेल्या माणसांपैकी इतकं मुद्द्याचं कुणी बोललं नाही.

दादाचं पेठेत शाळेच्या गणवेशांचं आणि खेळाच्या कपड्यांचं दुकान. आमच्या पेठेच्या तालमीचा फुटबॉल संघ आहे आणि संघाच्या जर्सी दर वर्षी दादाच पुरवायचा. मागच्या हंगामात त्यानं कुठून तरी स्वस्तात लाल जर्सी आणल्या. ऐन सामन्यात वळवाची सर आली, लाल रंग पांढऱ्या चड्ड्यांवर उतरला आणि आमचा अख्खा संघ गुलाबी झाला. पलीकडच्या पेठेची पोरं स्टँडात उभी राहून ओरडायला लागली, "ए, आईस्क्रीम! कोन कुठाय?" पुढं महिनाभर आमच्या पेठेतल्या माणसाला चहाच्या टपरीवर कुणी ना कुणी विचारायचंच, "पावणं, कोन का कप?"

तालमीचे वस्ताद दुकानात येऊन बसले. ते बोलले असते तर बरं झालं असतं. शेवटी दादाच म्हणाला, "वस्ताद, पुढच्या हंगामाला जर्सीचा रंग गेला, तर मी दुकानाला कुलूप लावीन. शब्द हाय माझा."

म्हणून मग तो मुंबईच्या प्रदर्शनाला गेला आणि तिथून रंगाची लेखी हमी देणारा, प्रमाणपत्रवाला परदेशी कारखाना शोधून आला. कारखान्याला थोडक्या संख्येची ऑर्डर चालत नव्हती, तेव्हा त्यानं मोठा संघ, बारा वर्षांखालच्या पोरांचा संघ आणि समर्थक अशी सगळ्यांची ऑर्डर एकत्र बांधली. पेठेनं त्याला सोडला नाही. "इचलकरंजी बसनं तासाभरावर हाय, आन हे निघालं समुद्र वलांडून!" असं त्याला रोज ऐकावं लागे. दादा हसायचा. त्याला शब्द पाळायचा होता. तो पाळायच्या आधीच दादा गेला.

वहिनींचे एक भाऊ हुपरीचे, चांदीच्या पैंजणांचं काम करणारे. पाचव्या दिवशी ते वहिनींना म्हणाले, "अक्का, दुकान भाड्यानं दिऊन टाक. माझ्या वळखीचा एक चांदीवाला हाय, उद्या येतोय म्हणतोय."

वहिनी म्हणाल्या, "ही ऑर्डर पार पडू दे. ह्यांचा शब्द राहिला तर दुकान मी चालवणार. न्हाय राहिला तर तुझ्या चांदीवाल्याला किल्ली दे."

भाऊ माझ्याकडं वळून म्हणाले, "आन हे बघणार कोण? तुम्ही?" त्यांच्या आवाजात सहानुभूती होती. ती मला उद्देशून होती की दुकानाला, ते कळलं नाही.

मला कपड्यातलं काही कळत नाही. पण कागद वाचता येतो. कारखान्यानं प्रमाणपत्रासोबत तपासणीचा एक जाडजूड अहवाल पाठवला होता. मी तो छापून आणला आणि घराच्या पुढच्या सोप्यावर बसून वाचायला घेतला. मावशी भेटायला आल्या होत्या. त्यांनी मला मांडीवर कागद घेऊन बसलेलं बघितलं.

"पोथी वाचतोस व्हय रे? मोठ्यानं वाच की. त्याला बी पोचंल."

मावशींना दुरुस्त करण्याची हिंमत आमच्या घराण्यात कुणातच नव्हती. मी मराठी करत मोठ्यानं वाचू लागलो. "प्रत्येक दालनास दोन दरवाजे असावेत. दरवाज्यासमोर कोणताही अडथळा ठेवू नये. आगीच्या वेळी सर्वांनी घाई न करता रांगेने बाहेर पडावे." मावशी डोळे मिटून ऐकत होत्या. शेजारच्या दोघी येऊन बसल्या. "पिण्याचे पाणी स्वच्छ असावे. कोणाकडूनही सक्तीने काम करून घेऊ नये." इथं मावशींनी मान डोलावली. अध्याय संपल्यावर तिघींनी हात जोडले. "खरं हाय रं बाबा," मावशी म्हणाल्या, "शेवटाला रांगेनंच जायचं असतंय."

दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन पाहिलं. आमच्या दुकानाला एकच दरवाजा होता आणि त्याच्यापुढं गणवेशांचं गाठोडं. मी ते बाजूला सरकवलं.

आता मापं. संघाचा कॅप्टन दूधसंघात नोकरीला आहे. त्यानं लहान-मोठ्या सगळ्या खेळाडूंना आणि समर्थकांना विचारून यादी केली आणि वस्तादांना दिली. वस्तादांनी ती आपल्या वहीत उतरवून घेतली आणि नवव्या दिवशी आमच्या घरी येऊन वहिनींना वाचून दाखवली. वहिनींचं अक्षर चांगलं, म्हणून त्यांनी स्वच्छ प्रत काढली. ती प्रत मी मेलमध्ये टाईप केली. हे सगळं नीट, गांभीर्यानं झालं. सोप्यावर बसलेल्या माणसांनाही त्या दिवशी बरं वाटलं असावं. दुःखाच्या घरी काय बोलावं हे कुणाला सुचत नाही. मापांवर मात्र प्रत्येकाचं मत असतं. एका काकांनी तर स्वतःची छाती मोजून घेतली, त्यांना जर्सी मिळणार नव्हती तरी.

मेल गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात नमुन्याची एक जर्सी आली, मध्यम मापाची. कॅप्टननं ती घालून बघितली. छान बसली. मग वहिनींनी बादलीत पाणी घेतलं, जर्सी त्यात बुडवली आणि तिच्यासोबत दादाचं एक पांढरं बनियन टाकलं. दिवसभर दोन्ही भिजत ठेवली. संध्याकाळी बनियन पांढरंच निघालं. वहिनींनी ते पिळून वाळत घातलं आणि दुसऱ्या दिवशी घडी करून दादाच्या कप्प्यात ठेवलं. मी आत जाऊन लिहिलं, 'रंग मंजूर.'

त्यानंतर बाईंचा मेल आला. 'आपल्या मोठ्या संघाच्या यादीत लहान आणि मध्यम मापं अजिबात नाहीत. कृपया पुन्हा पाहावे. परिधान करणारे खेळाडू आहेत ना?'

मी लिहिलं, 'आहेत.'

'कोणत्या खेळाचे?'

'फुटबॉल.'

दोन दिवस गेले. मग, 'आदरपूर्वक पुन्हा विचारते, मापं बरोबर आहेत ना?'

मला थोडा राग आला. आमच्या माणसांना धडधाकट असण्याचा अधिकार नाही काय? मी माझ्या उत्तमातल्या उत्तम इंग्रजीत लिहिलं, 'या मापांचा विचार चार जबाबदार माणसांनी केलेला आहे.' त्यावर त्यांनी फक्त 'धन्यवाद' लिहिलं.

हंगामाचा पहिला सामना आठवड्यावर आला असताना खोकी आली. दुकानात वस्ताद, कॅप्टन, वहिनींचे भाऊ आणि निम्मी पेठ. वहिनींनी पहिलं खोकं फोडलं. दहा नंबरची जर्सी कॅप्टनची. त्यानं ती डोक्यातून घातली आणि बराच वेळ त्याचं डोकं बाहेरच आलं नाही. आलं तेव्हा जर्सी त्याच्या गुडघ्याच्या खाली होती आणि बाह्या मनगटापर्यंत. गळ्यातून एक खांदा बाहेर पडला होता.

कुणीतरी म्हणालं, "परकर दिलाय काय सोबत?"

कॅप्टन मला हळूच म्हणाला, "काका, माझं माप मध्यम हाय. खेळताना मोकळं पायजे म्हणून सगळ्यांचा एक नंबर वाढवून लिवलाता."

वस्ताद खाकरले. "मी बी एक वाढवलाता. पोरं आता हंगामाला व्यायाम करणार. अंग धरणार की न्हाय?"

सगळे वहिनींकडं बघायला लागले. "कापड हाय," वहिनी म्हणाल्या. "दोन धुण्यात आखडणार. मी एक वाढवला."

मग सगळे माझ्याकडं वळले. तिकडची माणसं आपल्यापेक्षा बारीक बांध्याची असतात असं मी कुठंतरी वाचलं होतं. त्यामुळं त्यांचं मोठं म्हणजे आपलं मध्यम, असा हिशेब मी केला होता. हे मी शक्य तितक्या थोडक्यात सांगितलं.

वाढत्या अंगाचं घ्यायचं, ही रीत आमच्याकडं पाळण्यातल्या झबल्यापासून आहे. तिच्यात कुणाचंच काही चुकलं नव्हतं. आम्ही चौघांनी प्रत्येकी एकदाच माया केली होती.

वहिनींचे भाऊ म्हणाले, "अक्का, मग चांदीवाल्याला फोन लावू?"

वहिनी कॅप्टनकडं बघत होत्या. तो उघडा खांदा झाकायला गेला की दुसरा बाहेर पडत होता. आणि वहिनींना हसू फुटलं. दादा गेल्यापासून त्या हसल्या नव्हत्या. पदर तोंडाला लावून, खोक्यावर बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत त्या हसल्या. आम्हाला आधी वाटलं, रडतायत. मग आम्हीही हसलो. वस्ताद हसले नाहीत. ते दुसरं खोकं फोडत होते. त्यात बारा वर्षांखालच्या पोरांच्या जर्सी होत्या. चार नंबरांनी वाढलेल्या.

वस्तादांनी त्यातली एक झटकली आणि कॅप्टनच्या अंगाला लावली. "हात वर कर," ते म्हणाले. "घाल."

ती मापात बसली. पाठीवरचा नंबर तेवढा सात होता. कॅप्टन म्हणाला, "चालतंय की!" अशा रीतीनं लहान पोरांच्या जर्सी मोठ्या संघाला गेल्या. मोठ्या संघाच्या जर्सी तालमीतल्या पैलवानांना झाल्या आणि ते फार खूश झाले, कारण बाजारात त्यांच्या दंडाला बाही कधी होतच नव्हती. समर्थकांच्या जर्सी मात्र कुठल्याच माणसाच्या मापाच्या नव्हत्या. त्या दोघांत एक अशा घातल्या गेल्या. एक आमच्या स्कूटरला बसते.

सामन्यात वळीव आला. मी छत्री न उघडता बसलो. वहिनी माझ्याशेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि चेंडूकडं एकदाही बघत नव्हत्या. चड्ड्यांकडं बघत होत्या. पलीकडून पोरं ओरडली, "ए, एका सदऱ्यात दोघं! भाडं परवडत न्हाय व्हय?" आमच्या पैलवानांनी उठून त्यांच्याकडं नुसतं बघितलं, आणि विषय बदलला. शेवटच्या शिट्टीपर्यंत चड्ड्या चिखलानं काळ्या झाल्या. गुलाबी झाल्या नाहीत. आमचा संघ दोन गोलनी हरला.

सोमवारी वस्ताद दुकानात आले. "हरलो ते पोरांच्या पायांमुळं," ते म्हणाले. "कापडाबद्दल तक्रार न्हाय. त्यानं शब्द पाळला."

वहिनींच्या भावांनी किल्लीचा विषय पुन्हा काढला नाही. वहिनींनी त्यांनाच टेपचं एक टोक धरायला लावलं. लहान पोरांना जर्सी राहिल्याच नव्हत्या. त्यांना ओळीनं उभं करून वहिनींनी स्वतः छात्या मोजल्या आणि जे माप आलं तेच लिहिलं. संख्या भरावी म्हणून जयसिंगपूरच्या एका शाळेच्या खेळाच्या गणवेशांची ऑर्डरही त्यांनीच मिळवली. बाईंचं उत्तर आलं, 'यावेळची मापं पाहून आनंद झाला.'

आता वहिनी सकाळी दहाला दुकान उघडतात. मी दुपारी जातो आणि मेल लिहितो. दादाच्या फोनवर अजून त्याच्याच नावानं मेल येतात. नाव बदलायचं राहिलं आहे.